परभणीच्या मुलींचा व्हॉलीबॉल : खेळ आहे, पण पेशा कुठे?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीने (२०१९-२१) परभणी जिल्ह्याविषयी एक आकडा नोंदविला. जिल्ह्यातील २० ते २४ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ४८ टक्के स्त्रियांचे लग्न वयाची अठरा वर्षे पूर्ण होण्याआधीच झालेले होते. महाराष्ट्राची सरासरी सुमारे २२ टक्के होती आणि राज्यातील अन्य कोणत्याही जिल्ह्यात हे प्रमाण परभणीहून अधिक नव्हते. आकडा प्रसिद्ध झाल्यावर त्याची चर्चा आरोग्याच्या, शिक्षणाच्या आणि कायद्याच्या अंगाने झाली. ती व्हायलाच हवी होती. क्रीडाक्षेत्राने मात्र या आकड्याकडे आपला प्रश्न म्हणून पाहिले नाही. वस्तुतः मैदानावर येणाऱ्या मुलींच्या बाबतीत एवढे बोलके दुसरे अनुमान सापडणे कठीण आहे.

याचे कारण साधे आहे. आपल्याकडील शालेय क्रीडा स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशा तीन गटांत होतात. व्हॉलीबॉलसारख्या खेळात मुलगी बाराव्या-तेराव्या वर्षी चेंडू हाताळायला शिकते, सोळा-सतराव्या वर्षी तिच्या स्मॅशला धार येते आणि विशीनंतर ती खरी खेळाडू होते. म्हणजे ज्या वयात मैदान तिला घडवू पाहते, नेमक्या त्याच वयात घरात तिच्या स्थळांची बोलणी सुरू झालेली असतात. ही दोन वेळापत्रके एकमेकांवर आदळतात आणि बहुतेक वेळा जिंकते ते घरचे वेळापत्रक. त्यामुळे परभणी जिल्ह्यातील एखाद्या मुलीने व्हॉलीबॉल हाच आपला पेशा करायचे ठरविले, तर तिच्यापुढे मार्ग कोणता, हा प्रश्न वरवर क्रीडेचा वाटला तरी त्याचे उत्तर क्रीडेपुरते राहत नाही.

स्वस्त खेळ, अवघड संघ

व्हॉलीबॉल हा मुळातच काटकसरीचा खेळ. १८९५ मध्ये अमेरिकेतील होलियोक गावी विल्यम मॉर्गन या वायएमसीएच्या व्यायामशिक्षकाने तो शोधून काढला, तो मध्यमवयीन नोकरदारांना फार दमणूक न होता व्यायाम व्हावा म्हणून. अठरा मीटर लांब, नऊ मीटर रुंद जागा, दोन खांब, एक जाळी आणि पाऊणशे तोळेही वजन नसलेला चेंडू एवढ्यावर तो भागतो. महिलांसाठी जाळीची उंची २.२४ मीटर, पुरुषांसाठी २.४३ मीटर, बाकी साहित्य तेच. क्रिकेटची खेळपट्टी किंवा हॉकीचे कृत्रिम मैदान ज्या गावाला परवडत नाही, त्या गावालाही व्हॉलीबॉल परवडतो. मराठवाड्यातील अनेक गावांत पुरुषांचे शूटिंग व्हॉलीबॉलचे सामने दिव्यांच्या उजेडात रात्री उशिरापर्यंत रंगतात, त्यांना रोख बक्षिसे असतात आणि प्रेक्षकही असतात. खेळाची हौस या भूमीला नाही, असे म्हणण्यास जागा नाही. फक्त त्या उजेडात मुली दिसत नाहीत.

खेळ स्वस्त असला तरी संघ उभा करणे मात्र स्वस्त नाही. धावपटू मुलगी एकटी रस्त्यावर धावू शकते, कुस्तीगीर मुलगी घरच्या भावाशी लढत देऊ शकते. व्हॉलीबॉलमध्ये सहा जणी एका वेळी मैदानात लागतात आणि खरा सराव व्हायचा तर बारा. सर्व्हिस उचलणारी, चेंडू हवेत मांडून देणारी सेटर, दोन्ही कडांवरून फटका मारणाऱ्या, मध्ये ब्लॉकला उडी घेणाऱ्या, अशी कामांची वाटणी असते आणि ती वर्षानुवर्षांच्या सहवासातून जुळते. सेटर आणि स्मॅशर यांच्यात जी समज लागते, ती एका मोसमात येत नाही. अशा संघातील सेटरचे दहावीनंतर लग्न झाले, तर केवळ एक खेळाडू कमी होत नाही. उरलेल्या पाच जणींचाही खेळ मोडतो. ज्या जिल्ह्यात जवळपास निम्म्या मुलींची लग्ने अठराच्या आत होतात, तेथे सहा जणींचा एक संघ सलग पाच वर्षे एकत्र राहील, याची शक्यता किती, याचा हिशेब ज्याचा त्याने करून पाहावा.

त्यात हंगामी स्थलांतराची भर पडते. गंगाखेड, पालम यांसारख्या भागांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी कुटुंबे बाहेर पडतात. शालेय स्पर्धांचा मोसमही पावसाळ्यात सुरू होऊन हिवाळ्यापर्यंत चालतो. मुलगी आई-वडिलांबरोबर गेली तर स्पर्धा बुडते. मागे राहिली तर धाकट्या भावंडांचे आणि म्हाताऱ्यांचे तिला पाहावे लागते. वयात आलेली मुलगी मागे ठेवण्याची काळजी हेच लवकर लग्न लावून देण्याचे एक मोठे कारण आहे, हे या प्रश्नावर काम करणारे कार्यकर्ते वर्षानुवर्षे सांगत आले आहेत.

प्रमाणपत्रापाशी थांबणारी वाट

या अडचणींतून निभावून जाणाऱ्या मुलीला आपली व्यवस्था काय देते? तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि राष्ट्रीय अशी स्पर्धांची उतरंड आहे. दहावी-बारावीच्या परीक्षेत खेळाडूंना वाढीव गुण मिळतात. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. या दोन्ही सवलतींचा हेतू चांगला होता आणि त्यांचा लाभ अनेक गुणी खेळाडूंना झाला, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु या सवलतींनी खेळाचे अंतिम फळ ठरवून टाकले. ते फळ म्हणजे प्रमाणपत्र. अमुक स्तरावर अमुक क्रमांक मिळाला की कागद हाती येतो आणि कागद हाती आला की मैदानाची गरज संपते. कागदाला एवढी किंमत आली की तो बनावटही तयार होऊ लागतो. खोट्या क्रीडा प्रमाणपत्रांवर नोकऱ्या मिळविल्याची प्रकरणे महाराष्ट्रात उघडकीस आली, ती याच मानसिकतेची फळे होत.

मुलींच्या बाबतीत तर ही वाट आणखी आखूड होते. बारावीनंतर शालेय स्पर्धा संपतात. पुढे महाविद्यालयात गेली तर नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या संघातून आंतरविद्यापीठ स्पर्धेपर्यंत तिला पोहोचता येते. त्यानंतर काय? जिल्ह्यात महिलांचे नियमित साखळी सामने नाहीत, मानधन देणारे क्लब नाहीत. पुण्याच्या बालेवाडीत १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभे राहिलेले भव्य संकुल आहे, पण परभणीच्या मुलीसाठी ते दुसऱ्या जगात आहे. राज्य शासनाने अलीकडे ‘मिशन लक्ष्यवेध’ या नावाने ऑलिम्पिक पदकांचे उद्दिष्ट समोर ठेवून योजना आखली. त्यासाठी निवडलेल्या बारा खेळांत व्हॉलीबॉलचा समावेश नव्हता. पदकाच्या हिशेबाने हा निर्णय समजण्यासारखा आहे, कारण भारतीय व्हॉलीबॉल ऑलिम्पिकपासून दूर आहे. पण पदकाच्या जवळ असलेल्या खेळालाच पैसा आणि दूर असलेल्याला उपेक्षा, असा नियम एकदा लागू झाला की दूर असलेला खेळ कायम दूरच राहणार, हेही तितकेच उघड आहे.

नोकरी हीच कारकीर्द

भारतात महिला व्हॉलीबॉलपटूची कारकीर्द म्हणजे व्यवहारात नोकरी आणि नोकरी म्हणजे बहुतेक वेळा रेल्वे. राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत रेल्वेच्या महिला संघाने वर्षानुवर्षे वर्चस्व गाजविले, ते याच कारणाने. हरियाणातील निर्मल तंवर असो वा केरळची मिनीमोल अब्राहम, देशाचे नेतृत्व केलेल्या या खेळाडू रेल्वेच्याच. निर्मलच्या काळातील भारतीय संघाने डिसेंबर २०१९ मध्ये काठमांडूच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत यजमान नेपाळला अंतिम सामन्यात हरवून सुवर्णपदक मिळविले.

परभणीकरांना रेल्वेचे महत्त्व वेगळे सांगायला नको. या जिल्ह्यातील पूर्णा जंक्शन हे निजामाच्या काळापासून रेल्वेचे गाव. पिढ्यान् पिढ्या ज्या घरांची चूल रेल्वेच्या पगारावर पेटली, अशी घरे तेथे आहेत. रेल्वेची नोकरी म्हणजे काय, हे तेथील बापाला समजावून सांगावे लागत नाही. त्यामुळे नोकरीला नावे ठेवण्याचा येथे उद्देश नाही. ज्या घरात मुलीच्या हाताला पगार नाही त्या घरात मुलीच्या शब्दालाही वजन नाही, हे वास्तव असेपर्यंत खेळातून मिळालेली नोकरी ही मोठीच गोष्ट राहणार.

परंतु ही व्यवस्था दोन ठिकाणी उणी पडते. एक तर जागा मोजक्या असतात आणि त्या राष्ट्रीय पातळीवर चमकलेल्यांनाच मिळतात. जिल्ह्यातून शंभर मुली खेळल्या, तर नव्व्याण्णव जणींसाठी तिचा काही उपयोग नसतो. दुसरे असे की, नोकरी हेच बक्षीस ठरल्यावर ती मिळताच खेळाची धार कमी होण्याचा धोका असतो. बढती मिळते ती सेवाज्येष्ठतेने, स्मॅशच्या वेगाने नव्हे. खेळाडू म्हणून आपले मोल काय, हे बाजारात कधी ठरतच नाही. जगात ज्याला व्यावसायिक खेळाडू म्हणतात, तो प्रकार येथे जवळजवळ नाही.

केरळचा धडा

रेल्वेच्या वर्चस्वाला ज्यांनी सातत्याने आव्हान दिले, ते राज्य केरळ. जानेवारी २०१९ मध्ये चेन्नईत झालेल्या राष्ट्रीय स्पर्धेत केरळच्या महिलांनी रेल्वेला हरवून विजेतेपद खेचून आणले. अर्जुन पुरस्कार मिळविलेल्या महिला व्हॉलीबॉलपटूंत के. सी. एलम्मा (१९७५) आणि सॅली जोसेफ (१९८४) ही नावे केरळचीच. तेथे गावोगावी मैदाने आहेत, क्रीडा वसतिगृहे आहेत, मुलींच्या महाविद्यालयांचे नावाजलेले संघ आहेत आणि शिक्षण संपल्यावर राज्य वीज मंडळासारख्या संस्थेचा स्वतःचा महिला संघ आहे. खेळाडूला आपले राज्य सोडावे लागत नाही आणि तिचा सामना पाहायला तिचे गावकरी येतात.

ज्या सर्वेक्षणात परभणीचा आकडा ४८ टक्के होता, त्याच सर्वेक्षणात केरळ राज्याचा आकडा सुमारे सहा टक्के होता. व्हॉलीबॉलमुळे केरळात बालविवाह थांबले, असा भाबडा निष्कर्ष यातून कोणी काढू नये. शिक्षण, आरोग्य, सामाजिक सुधारणांच्या चळवळी अशी त्यामागे शंभर वर्षांची परंपरा आहे. पण उलट बाजूने पाहता एवढे निश्चित म्हणता येते की, मुलगी विशीपर्यंत आपल्या निर्णयांची धनी राहते तेथेच महिलांचा सांघिक खेळ रुजतो. मैदान नंतर येते, आधी वेळ लागतो.

कैझुकाची गिरणी

या संदर्भात जपानची एक जुनी कथा परभणीसारख्या कापसाच्या जिल्ह्याने मुद्दाम ऐकावी. १९५० च्या दशकात ओसाकाजवळच्या कैझुका येथील निचिबो कंपनीच्या कापड गिरणीत कामगार मुलींचा एक व्हॉलीबॉल संघ होता. दिवसा काम आणि काम सुटल्यावर मध्यरात्रीपर्यंत सराव, असा त्यांचा क्रम. प्रशिक्षक हिरोबुमी दाइमात्सु कमालीचे कठोर होते. जमिनीवर झेप घेऊन, कोलांटी मारून पुन्हा उभे राहत चेंडू उचलण्याचे तंत्र त्यांनी या मुलींकडून घोटवून घेतले. १९६२ मध्ये मॉस्कोत या मुलींनी बलाढ्य सोव्हिएत संघाला हरवून विश्वविजेतेपद पटकाविले.

त्यानंतर प्रशिक्षक आणि अनेक खेळाडू निवृत्त होण्याच्या विचारात होते. कर्णधार मासाए कासाई तेव्हा तिशीच्या उंबरठ्यावर होती आणि त्या काळच्या जपानी समाजाच्या दृष्टीने या सर्वांचेच लग्नाचे वय उलटत चालले होते. पण १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये व्हॉलीबॉलचा समावेश झालेला होता. महिलांना ऑलिम्पिकमध्ये मिळालेला तो पहिलाच सांघिक खेळ. देशभरातून खेळत राहण्याचा आग्रह झाला आणि त्या थांबल्या. २३ ऑक्टोबर १९६४ रोजी त्यांनी सोव्हिएत संघाला १५-११, १५-८, १५-१३ असे सरळ तीन गेममध्ये हरविले. जपानमध्ये दूरचित्रवाणीवर हा सामना पाहणाऱ्यांचे प्रमाण ६६.८ टक्के नोंदविले गेले. पुढे कासाईचे लग्न जमविण्यात खुद्द पंतप्रधान सातो यांनी पुढाकार घेतला.

ही कथा आदर्श म्हणून सांगितलेली नाही. त्या सरावातील कठोरपणा आज कोणी मान्य करणार नाही आणि सुवर्णपदक मिळविणाऱ्या कर्णधाराच्या लग्नाची चिंता राष्ट्राने वाहावी, यातही त्या काळाचीच दृष्टी दिसते. तरीही तिच्यातील एक गोष्ट मोलाची आहे. गिरणीत काम करणाऱ्या मुलींचे लग्न दोन वर्षे पुढे ढकलण्यास समाज तयार झाला, कारण त्यांच्या खेळण्यात त्याला आपले काही दिसू लागले होते. नुसत्या उपदेशाने हे घडले नसते.

करारावर सही करणारी खेळाडू

खऱ्या अर्थाने व्यावसायिक व्हॉलीबॉलपटूचे आयुष्य कसे असते, हे पाहायचे तर दक्षिण कोरियाच्या किम येऑन-कुंगची कारकीर्द पाहावी. शालेय वयात ती बुटकी होती, त्यामुळे फटके मारण्यापेक्षा चेंडू उचलण्याचे काम तिच्याकडे असे. पुढे तिची उंची १९२ सेंटीमीटरपर्यंत गेली, पण बचावाची ती शिदोरी तिला जन्मभर पुरली. २००५ मध्ये ती कोरियातील व्यावसायिक क्लबकडून खेळू लागली. २००९ मध्ये जपान, २०११ मध्ये तुर्कस्तानातील फेनरबाहचे, नंतर शांघाय आणि पुन्हा तुर्कस्तान, असा तिचा प्रवास झाला. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये कोरिया चौथा आला, तरी स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडूचा मान तिला मिळाला. त्याच वर्षी मूळ क्लबशी कराराच्या अर्थावरून तिचा मोठा वाद झाला. आपली सेवा कोणाला, किती काळ आणि कोणत्या अटींवर द्यायची, हे ठरविण्याचा हक्क तिने मागितला. २०२५ मध्ये कोरियातील आपल्या पहिल्याच क्लबला विजेतेपद मिळवून देऊन तिने निरोप घेतला. वीस वर्षांची ही कारकीर्द केवळ उंचीच्या किंवा गुणांच्या बळावर उभी राहिली नाही. तिच्या पाठीशी क्लब, करार, प्रेक्षक आणि प्रक्षेपण यांची यंत्रणा होती.

ही यंत्रणा अन्यत्रही वाढत आहे. इटली आणि तुर्कस्तानातील महिला लीग जगातील सर्वांत तगड्या मानल्या जातात. अमेरिकेत ३० ऑगस्ट २०२३ रोजी नेब्रास्का विद्यापीठाच्या मुलींचा व्हॉलीबॉल सामना पाहण्यासाठी फुटबॉलच्या मैदानात ९२,००३ प्रेक्षक जमले. त्याआधी तब्बल अर्धशतक, १९७२ च्या कायद्याने तेथील शिक्षणसंस्थांना मुलींशी भेदभाव करण्यास मनाई झाली होती आणि त्यातून मुलींच्या खेळांसाठी शिष्यवृत्त्यांचे दार उघडले होते. २०२४ मध्ये तेथे व्यावसायिक महिला लीग सुरू झाली. म्हणजे आधी पन्नास वर्षे मुलींना मैदानावर राहू दिले गेले, मग प्रेक्षक आले आणि सर्वांत शेवटी पैसा आला. आपल्याकडे हा क्रम उलटा लावण्याची घाई दिसते.

लीग आली, पण कोणासाठी?

भारतात फेब्रुवारी २०१९ मध्ये प्रो व्हॉलीबॉल लीग झाली, २०२२ मध्ये प्राइम व्हॉलीबॉल लीग सुरू झाली. दोन्ही पुरुषांसाठी. त्यातून अनेक तरुणांना नाव आणि पैसा मिळाला, ही आनंदाची गोष्ट आहे. पण खेळ तोच, मैदान तेच, चेंडूही तोच असताना मुलींच्या वाट्याला प्रतीक्षाच आली.

महिलांच्या खेळाला प्रेक्षक नाहीत, हे यावरचे ठरलेले उत्तर. क्रिकेटने ते खोटे ठरविले आहे. २०२३ मध्ये महिला प्रीमियर लीगचे पाच संघ मिळून ४,६६९.९९ कोटी रुपयांना विकले गेले आणि सांगलीत वाढलेल्या स्मृती मानधनावर ३ कोटी ४० लाखांची बोली लागली. अर्थात क्रिकेटचा न्याय इतर खेळांना लावता येत नाही. कबड्डीचे उदाहरण अधिक जवळचे आहे. २०१६ मध्ये पुरुषांच्या लीगबरोबर महिलांचे तीन संघ घेऊन एक स्पर्धा झाली. मुंबईची अभिलाषा म्हात्रे त्यातील एका संघाची कर्णधार होती. पुढच्या वर्षी ती स्पर्धा झालीच नाही. पुरुषांच्या सामन्यांना जोडलेले एक आकर्षण म्हणून महिलांचा खेळ मांडला, तर तो टिकत नाही, हा त्याचा बोध. खो-खोमध्ये जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला झालेली पहिली विश्वचषक स्पर्धा भारतीय महिलांनी जिंकली. त्या संघाची कर्णधार प्रियांका इंगळे मूळची परभणीशेजारच्या बीड जिल्ह्यातील. मराठवाड्याच्या मातीत गुण नाहीत, असे म्हणण्याची सोय तिने तरी ठेवलेली नाही.

आणि परभणीपुरते बोलायचे तर ज्योती गवते हे नाव पुरेसे आहे. परभणीच्या या धावपटूने २०१७ च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिला क्रमांक मिळविला आणि २०१८, २०१९ व २०२० अशी सलग तीन वर्षे सुधा सिंहच्या मागोमाग दुसरे स्थान राखले. २०१९ मध्ये तिची वेळ होती २ तास ४५ मिनिटे ४८ सेकंद. मॅरेथॉनचे वैशिष्ट्य असे की, तिचा रस्ता सर्वांना खुला असतो आणि बक्षिसाची रक्कम आधीच जाहीर झालेली असते. निवड समिती, संघटनेतील गट, विभागाचा कोटा यांपैकी कशाचाही अडथळा न येता खेळाडू घड्याळाशी झुंजते आणि तिचे श्रेय तिच्या पदरात पडते. परभणीच्या मुलीला वैयक्तिक खेळात जे करता आले, ते सांघिक खेळात करता येत नाही, याचा दोष मुलींकडे जात नाही. तशी खुली वाटच सांघिक खेळात कोणी तयार केलेली नाही.

वाट कोठून सुरू व्हावी?

उद्या मुंबईत किंवा कोचीत महिलांची व्यावसायिक लीग सुरू झाली, तरी तिचा पहिला लाभ केरळ, तमिळनाडू, हरियाणाच्या खेळाडूंना होईल आणि तो त्यांचा हक्कच आहे. परभणीच्या मुलीला त्या लीगची दूरवरची झळाळी दिसेल, एवढेच. म्हणून लीगची मागणी करतानाच जिल्ह्याच्या पातळीवर काय करता येईल, हे पाहिले पाहिजे.

जिल्ह्यात नऊ तालुके आहेत. प्रत्येक तालुक्याचा मुलींचा एक खुल्या गटाचा संघ आणि वर्षातून चार महिने चालणारे साखळी सामने, एवढ्याने सुरुवात होऊ शकते. एका पराभवात घरी पाठविणाऱ्या बाद पद्धतीपेक्षा साखळी सामन्यांत मुलीला पंधरा-वीस सामने खेळायला मिळतात. गट खुला हवा, कारण एकोणीस वर्षे पूर्ण झाली की मैदान बंद, ही आजची स्थिती मोडल्याशिवाय विवाहित मुलीलाही परतीची वाट मिळणार नाही. खेळणाऱ्या प्रत्येकीला प्रत्येक सामन्यामागे थोडे का होईना मानधन हवे. रक्कम लहान असेल. पण मुलीच्या खेळाचे पैसे घरात आले, की तिला खेळू द्यायचे की नाही, या चर्चेत एक नवा मुद्दा येतो. तो मुद्दा भाषणांनी येत नाही.

ऊसतोडीच्या काळात मागे राहणाऱ्या मुलींसाठी तालुक्याच्या ठिकाणी निवासाची सोय झाली, तर शिक्षण, सुरक्षितता आणि सराव ही तिन्ही कामे एकाच छपराखाली होतील. मुलींसाठी महिला प्रशिक्षक हव्यात, कारण संध्याकाळी उशिरा मुलीला मैदानावर पाठविताना आईच्या मनात जी शंका असते, तिचे निरसन परिपत्रकाने होत नाही. शिवाय ‘उंची नाही’ म्हणून मुलींना परत पाठविण्याची सवय सोडली पाहिजे. १९९८ पासून या खेळात लिबेरो ही खास बचाव करणारी खेळाडू आली आहे. चपळ, बुटक्या मुलीला आंतरराष्ट्रीय व्हॉलीबॉलमध्येही मानाची जागा आहे आणि किम येऑन-कुंगची उंची शाळेत कोणी मोजून तिला घरी पाठविले असते, तर काय झाले असते, याचाही विचार करावा.

यावर आक्षेप येईल की, ज्या जिल्ह्यात पाण्याचे, पिकांचे, नोकऱ्यांचे प्रश्न आहेत तेथे व्हॉलीबॉलची चैन कशाला? आक्षेप प्रामाणिक असू शकतो. पण बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ पासून आहे. मुलींच्या लग्नाचे वय २१ करण्याचे विधेयक २०२१ मध्ये संसदेत आले आणि लोकसभेची मुदत संपल्यावर २०२४ मध्ये ते निकालातही निघाले. कायदा लग्न थांबवू शकतो, पण मुलीला ‘मग या वर्षांत मी काय करू’ या प्रश्नाचे उत्तर देऊ शकत नाही. शाळा हे एक उत्तर आहे, कौशल्य शिक्षण हे दुसरे, आणि मैदान हे तिसरे. मैदानाचे उत्तर स्वस्त आहे आणि ते साऱ्या गावाला दिसते. भर चौकात सहा मुली आत्मविश्वासाने खेळताना रोज दिसल्या, तर त्यांच्याकडे पाहण्याची गावाची नजर हळूहळू बदलते.

परभणीतून उद्या एखादी आंतरराष्ट्रीय व्हॉलीबॉलपटू घडेल की नाही, हे आज कोणी सांगू शकत नाही. पण सतराव्या वर्षी संघात असलेल्या मुली बाविसाव्या वर्षीही त्याच संघात खेळत आहेत, एवढे जरी या जिल्ह्यात दिसू लागले, तरी ती मोठी मजल ठरेल. जिल्ह्याच्या क्रीडा अहवालात पदकांच्या रकान्याशेजारी हा एक रकाना वाढविण्यास फारसा खर्च येणार नाही. तो भरण्याची तयारी मात्र क्रीडा खात्याने, शाळांनी आणि घरांनी मिळूनच दाखवावी लागेल.